बुटाच्या तळाचं बिल

एडिसन, न्यू जर्सी

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

पुण्यात मेडिकल बिलिंगची रात्रपाळी सुरू झाली, हे आईनं फोनवर सांगितलं. दुपारी झोपत जा नीट. ए५५०३ या बिलाच्या कोडचे क्लेम परत का येतात, असं तू विचारलंयस. आमच्या बुटांच्या दुकानात दिवसभर हेच चालतं, तेव्हा ऐक.

ए५५०३ म्हणजे रॉकर. आमचा कारागीर बुटाचा तळ मशीनवर तासतो, खाली जाड थर चिकटवतो आणि पुढून गोल घासतो. मग चालताना बूट वाकत नाही, नुसता पुढे कलंडतो, नि चवड्यावरचा भार हलका होतो. जिथं एकदा जखम होऊन गेली, तिथं हे फार महत्त्वाचं. ए५५०४ म्हणजे एका कडेनं उंच केलेला तळ, ए५५०५ म्हणजे चवड्यामागची आडवी पट्टी.

आता गोम इथं आहे. मेडिकेअर, म्हणजे इथला मुख्यतः म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, मधुमेही माणसाला कॅलेंडर वर्षात जास्त खोलीच्या बुटांचा एक जोड देतं आणि इनसोलचे, म्हणजे बुटातल्या गाद्यांचे, तीन. रॉकर वगैरे बदल हे इनसोलच्या बदल्यात, वरून नाही. तिन्ही जोड लावून शिवाय रॉकर लावलास, की आलाच क्लेम परत! बिलावर डावा-उजवा वेगळा दाखव, आणि कागद हातात असल्याशिवाय केएक्स, म्हणजे 'कागदपत्रं पूर्ण आहेत' ही खूण, कोडला लावू नकोस. मधुमेहाचा इलाज करणाऱ्या डॉक्टरनं बूट मिळण्याआधीच्या सहा महिन्यांत पेशंटला तपासलेलं हवं, आणि त्याचा सहीचा दाखला तीन महिन्यांच्या आतला. पायाच्या डॉक्टरची सही इथं चालत नाही. यातच निम्मी बिलं अडकतात असं मला वाटतं. ए५५०८, म्हणजे शोभेचे चोचले, त्याचे पैसे मेडिकेअर देत नाही. बाकीच्यातही वर्षाची ठरावीक रक्कम भरल्यावर वीस टक्के पेशंटकडेच राहतात.

तिकडे बाबांना मात्र यातलं काहीच लागू नाही, सगळा खर्च आपल्याच खिशातून. पण एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल त्यांनी घालायलाच हवी. मऊ रबर, मागे पट्टा, अंगठ्याची नाही. बोटं बधिर झाली तरी घरात अनवाणी फिरतात, आणि खडा टोचला तरी कळत नाही म्हणून वर हसतात!

संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, त्यांना वहीच्या कागदावर उभं कर, पेन्सिल उभी धरून दोन्ही पायांची कड काढ आणि फोटो पाठव. सोबत पट्टी ठेव, म्हणजे मला माप कळेल.

तुझी,
ताई