फिरस्त्याच्या व्हिसासाठी धावून आलेल्यांचे आभार

शेंगेन, म्हणजे युरोपातील अनेक देशांसाठी सामाईक असलेल्या, पर्यटन व्हिसाचा अर्ज साधारणपणे कायदेशीर वास्तव्याच्या देशातूनच करावा लागतो, आणि बारमाही परदेशी फिरणाऱ्या माझ्यासारख्याचे असे वास्तव्य म्हणजे अखेर आर्वी तालुक्यातले घरच. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा घरबसल्या मिळाला. मायदेशी परत येणार, हे कागदोपत्री दाखवणे मात्र जड गेले. ऐन कापूस वेचणीच्या हंगामात सातबारा व आठ-अ काढून देणारे सेतू केंद्रातील दादा, पीकपाहणीतील कापूस-तुरीच्या नोंदींचे इंग्रजी भाषांतर करून १०० आर म्हणजे एक हेक्टर ही टीपही तळाशी आवर्जून जोडणारे निवृत्त गुरुजी, आणि बँकेचे खातेउतारे शिक्क्यानिशी देण्यासाठी जेवणाची सुटी सोडणाऱ्या (अशा बँका अजून आहेत!) रोखपाल ताई, या सर्वांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे. नावे छापू नका, असे त्यांनीच बजावले आहे.