शूटिंगवाले काका, हे पत्र तुमच्यासाठी

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

फिल्म पूर्ण झाली. काल रात्री आवाजाचं मिक्सिंग संपलं आणि आज सगळी कामं बाजूला ठेवून आधी हे पत्र लिहायला घेतलंय. समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही ‘असू दे वो ताई’ म्हणत चहा सांगितला असता आणि विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहिते. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण कोल्हापुरात ज्यांच्या घरची लग्नं तुम्ही खांद्यावरच्या व्हीएचएसच्या काळापासून टिपलीत, ती माणसं तुम्हाला बरोबर ओळखतील.

तुमच्याकडे येण्याआधी मी किती उंबरे झिजवले ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. आज सांगते. त्याशिवाय तुम्ही काय केलंत ते वाचणाऱ्याला कळायचं नाही.

गोष्ट माझी होती. एक म्हातारा गुळव्या, बंद पडायला आलेलं गुऱ्हाळ आणि हंगामाची शेवटची रात्र. पैसेही माझेच होते, पगारातून बाजूला टाकलेले 80,000 रुपये. एका मोठ्या दुकानात मी भावाला सोबत घेऊन गेले. काउंटरवरचा माणूस सगळा वेळ भावाशीच बोलत राहिला. ‘मॅडमना रील्ससाठी पाहिजे का?’ हेसुद्धा त्यानं भावालाच विचारलं. भाऊ म्हणाला, ‘कॅमेरा तिला पाहिजे, तिला विचारा.’ तरी त्यानं कपाटातून कॅमेरा काढला आणि भावाच्याच हातात दिला. दुसऱ्या दुकानात सांगितलं, सिनेमा करायचा तर फुल फ्रेमच, म्हणजे मोठ्या सेन्सरचाच कॅमेरा लागतो, हप्ते बांधून देतो. रात्री गुऱ्हाळात, विस्तवाच्या उजेडात शूट करायचंय हे मी सांगत होते, ते कुणी ऐकूनच घेतलं नाही. ज्या कार्यशाळेची फी भरली होती तिथल्या सरांनी तर ‘आधी मोबाईलवर करा, जमतंय का बघा’ असं सगळ्यांदेखत सांगून मला वाटेला लावलं.

मोबाईलला मी कमी लेखत नाही. शॉन बेकर यांचा 2015 साली आलेला ‘टँजरीन’ आयफोन 5एसवर चित्रित झाला आहे. पण त्या फोनवर चित्र रुंद करणारी वेगळी अ‍ॅनामॉर्फिक लेन्स बसवली होती, हे उदाहरण देणारे कुणी सांगत नाहीत. माझा फोन मी चुलवाणाच्या, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीच्या, तोंडासमोर धरून पाहिला होता. तापला आणि बंद पडला. हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत सर पुढच्या मुलाकडे वळले होते. मला ते फार लागलं. अजून लागतं.

मग शाळेतल्या एका बाईंनी तुमचं नाव सुचवलं. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग तुमचं.

तुम्ही माझं बजेट विचारलंच नाहीत. ‘गोष्ट काय हाय?’ म्हणालात. मी सांगत गेले आणि तुम्ही मध्ये एक शब्द बोलला नाहीत. संपल्यावर दोनच गोष्टी विचारल्यात: चुलवाणाचं तोंड कुठल्या दिशेला आहे, आणि रात्री तिथं दिवा कसला असतो, पिवळा बल्ब का एलईडी. काका, त्या दोन प्रश्नांनी माझ्या मनावरचं केवढं ओझं उतरलं ते तुम्हाला कळलं असेल का? माझं गुऱ्हाळ पहिल्यांदा कुणाच्या तरी डोळ्यांसमोर उभं राहिलं होतं.

पण मला लिहायचंय ते त्या लाल ठिपक्याबद्दल.

तुम्ही तुमचा जुना कॅमेरा, पॅनासॉनिक जीएच5, काढलात, पट्टा माझ्या गळ्यात अडकवलात आणि म्हणालात, ‘बघा.’ मी व्ह्यूफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्यातून बघायच्या खिडकीला, डोळा लावला. चष्मा मध्ये येत होता, काढला तर सगळं धूसर. मला वाटलं, हे असंच असतं, चष्मेवाल्यांनी असंच भागवायचं. तुमच्या लगेच लक्षात आलं. ‘नंबर किती वो तुमचा?’ ‘उणे साडेतीन.’ ‘मग काढा की चष्मा. ह्यात नंबर बसतोय.’ व्ह्यूफाइंडरच्या कडेला हरभऱ्याएवढं एक चाक असतं. तुम्ही ते नखानं सरकवत राहिलात आणि दर वेळी विचारत राहिलात, ‘आता? आता?’ आणि एका क्षणी आतली बारीक अक्षरं लख्ख झाली. तुमच्या दारातल्या तुळशीचं पान न् पान दिसलं. माझ्या उघड्या डोळ्यानं, चष्म्याशिवाय.

मग तुम्ही आत हाक मारलीत, काकूंची नेलपॉलिशची बाटली मागवलीत आणि काडीच्या टोकानं त्या चाकाशेजारी लाल ठिपका दिलात. ‘कुणी फिरवलं तर हितं आणून ठेवायचं. हा तुमचा डोळा.’

तो कॅमेरा तेव्हा माझा नव्हता. मी तो घेईन की नाही याचाही पत्ता नव्हता. तुम्हाला तो विकायचा होता, लग्नाच्या कामाला ऑटोफोकसवाला दुसरा आणलेला होता. विकायच्या वस्तूवर कुणी असा डाग पाडून घेतं का? तुम्ही घेतलात, समोरच्या बाईला नीट दिसावं म्हणून. जिथं जिथं मी गेले तिथं तिथं कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्याला लावलेला होता. माझ्या डोळ्याला तो लावून देणारे तुम्ही पहिले. शूटिंगमध्ये मी कितीदा खचले, आणि दर वेळी त्या ठिपक्यावर बोट ठेवून पुन्हा उभी राहिले. यात मी एका अक्षराची अतिशयोक्ती करत नाही.

तुळशीची लग्नं व्हायची होती, तुमची सराई सुरू झालेली नव्हती. तेवढ्यात तुम्ही तीन कॅमेरे घेऊन गुऱ्हाळावर आलात: तुमचा सोनी ए7 थ्री, तुमच्या मित्राचा ब्लॅकमॅजिक पॉकेट 4के आणि हा पॅनासॉनिक जीएच5. तिन्ही 2017-18च्या सुमाराचे. काहिलीत गुळव्या मामा रस ढवळताहेत, एवढाच शॉट तिन्हींवर घेतलात. आणि कार्ड माझ्या हाती देऊन म्हणालात, ‘घरी टीव्हीवर बघा. एक, दोन, तीन. कुठला कशातला ते सांगत न्हाई.’

नव्यानं कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला असं एक कार्ड मिळायला हवं. पहिल्या क्लिपमध्ये काळोखातल्या भिंती स्वच्छ दिसत होत्या, पण वाफेत पट्टे पडले होते. तिसरीत वाफ अगदी मऊ, पण अंधाऱ्या भिंतीवर चित्र दाणेदार. दुसरी सगळ्यांत देखणी, विस्तवाचा पिवळा रंग कुठं फाटला नव्हता. मी दुसरी निवडली. तो ब्लॅकमॅजिक निघाला. तुम्ही खूश झालात, ‘डोळा चांगला हाय’ म्हणालात, आणि मग शांतपणे विचारलंत, ‘तुमच्या संगट माणसं किती?’ मी, भाऊ आणि एक मैत्रीण. तेव्हा तुम्ही सांगितलंत की तो कॅमेरा सोन्यासारखा आहे पण त्याला दिमतीला माणसं लागतात. बॅटरी तासभर टिकली तरी पुष्कळ. त्याला व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळे दुपारी उसाच्या फडात पडद्यावर काही दिसणार नाही. बॉडीत हादरे शोषणारं स्टॅबिलायझेशन नाही, म्हणजे हातात धरून चालता येणार नाही. आणि फाइली एवढ्या मोठ्या की हार्ड डिस्कचा खर्च वेगळा.

पहिली क्लिप सोनीची होती, तिच्या वाफेत पट्टे का पडले तेही तुम्हीच समजावलंत. तो आतल्या कार्डावर 8-बिट रंग लिहितो, उजेडाच्या बारीक छटा त्यात मावत नाहीत. तिसऱ्या क्लिपचा जीएच5 4केमध्ये 10-बिट, म्हणजे कितीतरी जास्त छटा लिहितो, म्हणून वाफ वाफेसारखी दिसते. त्याला रेकॉर्डिंगच्या वेळेची मर्यादा नाही, बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, आणि तो ठिपकेवाला व्ह्यूफाइंडर आहे. एवढं सांगून तुम्ही थांबला असतात तरी मी तो आनंदानं घेतला असता. पण तुम्ही त्याचे दोषच जास्त सांगितलेत. ‘ऑटोफोकस न्हाईच समजा, हातानं ओढायचा. सेन्सर ल्हान हाय, अंधारात उजेड वाढवायचा आयएसओ 1600च्या वर गेला की रडतोय.’ पांढऱ्या भिंतीसमोर लेन्सचं भोक बारीक करून, एफ16वर, फोटो काढून सेन्सरवरचे धुळीचे दोन ठिपके दाखवलेत आणि माझ्यासमोर साफ केलेत. एचडीएमआयची वायर हलवून खाच सैल नाही ना ते मला बघायला लावलंत. जुना कॅमेरा घेताना काय काय तपासायचं ते मला विकणाऱ्यानंच शिकवलं!

अंधाराचं तुम्ही सांगितलंत तसंच केलं. अंधारात जास्त उजेड घेणारी 25 मिमी एफ1.7ची स्वस्त लेन्स, सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद, कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, मग एलईडी लुकलुकत नाही. मोठे प्रसंग दिवस मावळतीला घेतले, आभाळ निळं असताना आणि चुलवाणात चिपाडाचा जाळ भरात असताना. भिंतीवरचे दाणे फिल्ममध्ये काही ठिकाणी आहेत. मला ते त्या जागेचे वाटतात, मी काढून टाकले नाहीत.

उरलेल्या पैशांत मला दुसरी लेन्स हवी होती आणि तुम्ही ती घेऊ दिली नाहीत. रेकॉर्डर, कॉलर माइक आणि कानाला घट्ट बसणारा हेडफोन, एवढंच घ्यायला लावलंत. त्या वेळी मी थोडी नाराज झाले होते. काल मिक्सिंगला बसलेला मुलगा म्हणाला, संवाद एवढे स्वच्छ कसे आले? घाण्याचं इंजिन बंद ठेवून संवाद घ्यायचे आणि इंजिन नंतर वेगळं रेकॉर्ड करायचं, हे तुमचं सांगणं.

या सगळ्या काळात मला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट वारंवार आठवायची. 1912 साली ते लंडनला गेले तेव्हा ‘बायोस्कोप’ या सिनेमाच्या साप्ताहिकाची पाटी पाहून सरळ आत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी आधी या धंद्यातले धोके सांगितले, पण मग यंत्रं निवडायला मदत केली आणि वॉल्टनला चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांची ओळख करून दिली. फाळके विल्यमसन कॅमेरा घेऊन परत आले आणि 3 मे 1913ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. कॅबोर्न यांना त्यातून काय मिळणार होतं? दारात आलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी खरं ते सांगितलं, बस. आणि घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या, रात्र रात्र कच्च्या फिल्मला भोकं पाडणाऱ्या, फिल्म धुणाऱ्या. भारतीय सिनेमाच्या पहिल्या दिवसापासून यंत्राला बाईचा हात लागलेला आहे. आपल्या कोल्हापुरात तर बाबूराव पेंटरांनी कॅमेराच घडवला, खरी कॉर्नरला त्याचा स्तंभ आहे. त्याच गावात बाईच्या हातात कॅमेरा द्यायला माणसं कचरतात याचा मला राग येतो, आणि तो यायलाच हवा.

तुमच्यासारखी माणसं गावोगावी आहेत, हे मला आता माहीत आहे. लग्नाचं शूटिंग करणारे, साउंडवाले, जनरेटरवाले, ज्यांना सिनेमावाले कुणी सिनेमातलं मानत नाहीत. पडत्या पावसात, गर्दीत, गेलेल्या लाइटीत एकदाच घडणारा क्षण पकडायची सवय तुमच्याइतकी कुणाला असणार? मंगलाष्टकांना दुसरा टेक नसतो. कमी पैशांत फिल्म करू पाहणाऱ्या मुलामुलींनी आधी अशांच्या दारात जावं, असं मी आता प्रत्येकाला सांगते. माझ्याच शाळेतली एक माजी विद्यार्थिनी पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येईल. तिला कुस्तीच्या तालमीवर माहितीपट करायचाय. तिलाही चष्मा आहे.

फिल्म पहिल्यांदा गुऱ्हाळावरच दाखवायची ठरलंय, येत्या शनिवारी अंधार पडल्यावर, भिंतीला पांढरा कपडा लावून. गुळव्या मामा आणि त्यांच्या घरची सगळी येणार आहेत. श्रेयनामावलीत ‘कॅमेरा मार्गदर्शन’ असं लिहून तुमचं नाव घातलंय, तिथं मात्र मी तुमचं ऐकलेलं नाही. काकूंना नक्की घेऊन या, नेलपॉलिशसाठी त्यांचंही नाव आहे. आणि ट्रायपॉडचं भाडं तुम्ही अजून घेतलेलं नाही. पाकीट मी तयार ठेवलंय, शनिवारी ते घ्यायचं, नाही म्हणायचं नाही.

तुमची,
गुऱ्हाळवाली बाई