चार्ज दिल्यानंतरची झोप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मन शांत कसे ठेवावे या विषयावर आपण वाचकांची पत्रे छापलीत. त्यात एका ख्रिस्ती वाचकाने लिहिले होते, की ज्याचा देवावर खरा भरवसा आहे त्याला चिंता शिवतही नाही. मीही ख्रिस्ती आहे, जन्मापासून. ते वाक्य वाचून पेपर मिटून ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. माझ्या 38 वर्षांच्या मुलीला कर्करोग आहे. तिची तिसरी केमो होऊन आज दहा दिवस झाले. मला चिंता शिवते. रात्री अडीचला उठवून बसवते.

बायोप्सीच्या रिपोर्टची वाट पाहत होतो, त्या नऊ दिवसांत उपासनेनंतर एका भगिनीने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "ताई, तुमचा विश्वास कमी पडतोय." तिच्या मनात वाईट काही नव्हते. पण त्या दिवसापासून एकाची दोन ओझी झाली. मुलीच्या आजाराचे होतेच, त्यावर आपण देवाला कमी पडतो आहोत हे दुसरे. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन," असे प्रभू येशू म्हणाला. ज्यांच्या पाठीवर ओझे आहे त्यांनाच हे बोलावणे आहे. ओझे आधी कुठेतरी उतरवून या, असे तो म्हणाला नाही.

मी 31 वर्षे परिचारिका होते. निम्मी नोकरी रात्रपाळीत गेली, आणि विसावा म्हणजे काय ते मला, खरे सांगायचे तर, प्रवचनांपेक्षा वॉर्डात जास्त समजले. सकाळी पाळी बदलताना चार्ज द्यायचा असतो. एकेका खाटेपाशी उभे राहून पुढच्या सिस्टरला सांगायचे: चार नंबरला दोन वाजता 102 ताप होता, आता उतरलाय. सहा नंबरला लघवी कमी आहे, डॉक्टरांना कळवलंय. नऊ नंबरची सलाईन आठपर्यंत संपेल. मग औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्या हातात द्यायची, रजिस्टरवर सही करायची आणि निघायचे. निघताना पेशंट बरे झालेले नसतात. सहा नंबरला लघवी अजून कमीच असते. पण आता त्याच्याकडे बघणारे दुसरे कोणी असते.

पहिल्या वर्षी मला हे जमत नसे. घरी जाऊन अंथरुणावर पडायची आणि अकराच्या सुमारास उठून वॉर्डात फोन करायची. सलग तिसऱ्या दिवशी आमच्या इन्चार्ज सिस्टरनी स्वतः फोन उचलला. म्हणाल्या, "चार्ज दिलास ना? मग झोप. इथे आम्ही आहोत." आवाजात राग नव्हता. फोन ठेवून मी झोपले ती थेट संध्याकाळी उठले.

इस्राएलाचा रक्षणकर्ता डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही, हे बायबलमधले 121 वे स्तोत्र लहानपणापासून पाठ म्हणत आले. मुलीच्या आजारपणात ते पहिल्यांदा ड्युटीच्या भाषेत ऐकू आले. रात्रपाळीला कोणीतरी आहे.

बायबलमध्ये झोपेच्या बाबतीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो येशूचा शिष्य पेत्र. गालीलच्या समुद्रात वादळ उठले, नाव पाण्याने भरू लागली आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोके ठेवून झोपलेला. शिष्यांनी त्याला उठवून विचारले, "गुरुजी, आपण बुडत आहोत याची तुम्हाला काळजी नाही का?" त्या नावेत पेत्र होता. पुढे हेरोद राजाने याकोब या शिष्याला तलवारीने मारले आणि पेत्राला तुरुंगात टाकले. पहाऱ्याला चार-चार शिपायांच्या चार तुकड्या. सकाळी त्याला लोकांपुढे काढायचे ठरलेले, आणि त्या रात्री पेत्र दोन शिपायांच्या मध्ये, दोन साखळ्यांनी बांधलेला, झोपला होता. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या 12 व्या अध्यायात आहे हे. देवदूत आला, कोठडीत उजेड पडला, तरी याला जाग येईना. कुशीत मारून उठवावे लागले. देवदूत त्याला कंबर बांधायला, पायतण घालायला आणि झगा पांघरायला सांगतो. म्हणजे उद्या मरण समोर असताना हा माणूस झगा नि पायतण काढून, नीट झोपायच्या तयारीने झोपला होता! मी हा भाग कितीदा वाचला असेल, पण पायतणाकडे लक्ष गेले ते यंदा.

त्याच पेत्राच्या नावाच्या पहिल्या पत्रात लिहिले आहे, आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. आमच्या चर्चच्या पाळकांनी मला दाखवले, की "काळजी नाही का" या नावेतल्या प्रश्नात जे ग्रीक क्रियापद आहे तेच इथे आहे. वादळात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जणू म्हातारपणी लिहून दिले. आणि 'टाका' यासाठी जो शब्द आहे तो बायबलच्या नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतो. यरुशलेमेत जाण्याआधी शिष्यांनी शिंगरावर आपली वस्त्रे टाकली, तिथे. अंगावरचे काढायचे आणि दुसऱ्याच्या पाठीवर ठेवायचे, इतके साधे. चिंता नसलेल्या माणसाला हे सांगण्यात काय अर्थ होता?

त्या वाचकबंधूंना एक विनंती. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू येशू मरणाएवढा खिन्न झाला होता आणि त्याने तीनदा प्रार्थना केली. "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" असे फिलिप्पैकरांना बंदिवासातून लिहिणारा प्रेषित पौल करिंथकरांना मंडळ्यांविषयी स्वतःला रोज वाटणाऱ्या चिंतेबद्दलही लिहितो. कृपा करून घाबरलेल्या माणसाच्या विश्वासाचे मोजमाप करू नका. आणि जो झोपेसाठी किंवा मनाच्या आजारासाठी डॉक्टरकडे जातो त्याला तर मुळीच अडवू नका. एलीया संदेष्टा मरण मागत रानातल्या रतामाच्या झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला बोल लावला नाही. उशाशी भाकर आणि पाणी ठेवले, खाऊ घातले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. मी परिचारिका म्हणून सांगते, यापेक्षा चांगली शुश्रूषा मी पाहिलेली नाही.

सध्या मी एक वही ठेवली आहे. केमोनंतर सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी बहुधा सर्वांत खाली असतात, म्हणून मुलीचा ताप दिवसातून चारदा बघते. 100.4 किंवा त्यावर गेला तर रात्र असो की पहाट, तडक फोन करायचा आणि निघायचे. बॅग दाराशी भरून ठेवली आहे. भरवसा ठेवणे म्हणजे थर्मामीटर बाजूला ठेवणे नव्हे, असे मी धरून चालते. रात्री दहाला त्या वहीत चार्ज लिहिते, अगदी वॉर्डातल्यासारखा. ताप किती, काय खाल्ले, तोंडातले फोड कसे आहेत, आणि खाली मला कशाची भीती वाटते तेही. मग ते देवाला वाचून दाखवते, वेळ टाकते, सही करते.

काल 99.1 होता. भीतीच्या रकान्यात लिहिले, "चौथ्या केमोनंतरचा स्कॅन." दहा वाजून वीस मिनिटांनी सही केली. अडीचला जाग आलीच. मुलीच्या खोलीच्या दाराशी जाऊन तिचा श्वास ऐकला, वही टेबलावर होती ती उघडली नाही, आणि परत येऊन आडवी झाले. पुन्हा डोळे उघडले तेव्हा साडेसहा झाले होते आणि ती मला हाक मारत होती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका