स्प्रिंट कारमध्ये बसणाऱ्या लेकीस

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इंडियानापोलिसला मोटरस्पोर्ट्स अभियांत्रिकी शिकायला गेलीस, तेव्हा तू गाड्या बांधशील अशी माझी समजूत होती. आता पुढच्या हंगामात ३०५ घनइंची इंजिनाच्या वर्गात तू स्वतः स्प्रिंट कार, म्हणजे मातीच्या छोट्या ट्रॅकवर धावणारी शर्यतीची गाडी, चालवणार असल्याचे कळवले आहेस. मी तुला अडवणार नाही. मात्र अपघात विभागात डॉक्टर म्हणून आयुष्य गेलेल्या आईला या खेळातले अपघात कसे दिसतात, ते तू नीट वाचावेस, एवढी माझी इच्छा आहे.

वरच्या वर्गातली स्प्रिंट कार ड्रायव्हरसह साधारण साडेसहाशे किलोची असते आणि तिचे इंजिन सुमारे ९०० अश्वशक्तीचे असते, हे मला तूच सांगितलेस. तुझी गाडी त्याहून कमी ताकदीची असली, तरी ट्रॅक मातीचाच आणि चाके उघडीच. मागून येणाऱ्या गाडीचे पुढचे चाक तुझ्या मागच्या चाकावर चढले, किंवा तुझे उजवे मागचे चाक मातीच्या खाचेत रुतले, की गाडी हवेत उडते. त्यात तुझी चूक असेलच असे नाही. म्हणून गाडी कधी ना कधी उलटणार हे गृहीत धरूनच तू तयारी कर.

गाडी सात-आठ कोलांट्या खाते तेव्हा पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होते, परंतु प्रत्येक कोलांटीत वेगाचा काही अंश खर्ची पडत असतो, गाडीच्या डोक्यावरची पत्र्याची रुंद विंग चुरगळून काही धक्का स्वतः सोसते आणि ड्रायव्हरभोवतीचा नळ्यांचा पिंजरा शाबूत राहिला तर ड्रायव्हर पुष्कळदा चालत बाहेर येतो. मला जास्त भय वाटते ते भिंतीवर थेट आदळून क्षणात थांबण्याचे. सीटचे पट्टे धड जागीच धरून ठेवतात, डोके मात्र हेल्मेटच्या वजनासह पुढे जात राहते आणि तो सगळा ताण मानेवर व कवटीच्या तळावर येतो. २००१ साली डेटोना येथील शर्यतीत नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू कवटीचा तळ फुटूनच झाला. डोके खांद्यांशी बांधून ठेवणारे हान्स हे साधन तोवर उपलब्ध होते. जीवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी ते १९८० च्या दशकातच तयार केले होते. तरीही अनेक ड्रायव्हर ते अवघडल्यासारखे वाटते म्हणून टाळत असत आणि नॅसकार या अमेरिकेतल्या शर्यत-संस्थेने मानेचे संरक्षण सक्तीचे केले ते अर्नहार्ट गेल्यानंतर, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. ही दिरंगाई मला आजही सहन होत नाही.

स्प्रिंट कारचा इतिहास याहून वेगळा नाही. १९६६ साली रेडिंगच्या ट्रॅकवर जड लार्सन आणि रेड रीगल, तर नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातील ॲस्कॉट पार्क येथे डॉन ब्रॅन्सन आणि डिक ॲटकिन्स असे दोन-दोन ड्रायव्हर एकाच अपघातात गेले. डोक्यावरचा पूर्ण पिंजरा त्या काळी सर्वमान्य नव्हता, तो पुढच्या दशकात रुळला. पिंजरा आला म्हणून मृत्यू थांबले असेही नाही. जेसन लेफलर २०१३ साली न्यू जर्सीत स्प्रिंट कार चालवताना मानेच्या दुखापतीने गेला. तुमच्या इंडियानातला ब्रायन क्लॉसन २०१६ च्या मे महिन्यात इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत काही फेऱ्या आघाडीवर होता आणि ऑगस्टात कॅन्ससमधल्या बेलव्हिल येथे मिजेट या स्प्रिंट कारहून लहान गाडीच्या अपघातानंतर वयाच्या २७ व्या वर्षी गेला. त्याच्या अवयवदानाने इतरांना जीवन मिळाले. अशा वेळी नातेवाइकांशी बोलण्याचे काम मी केलेले आहे, त्यामुळे त्याच्या आईवडिलांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता एक गोष्ट तू मला वचन म्हणून दे. गाडी बंद पडली, उलटली किंवा कोणी तुला मुद्दाम भिंतीकडे ढकलले असे वाटले, तरी आग लागलेली नसेल तर बचाव पथक येईपर्यंत पट्टे सोडायचे नाहीत. केव्हिन वॉर्ड हा अवघ्या २० वर्षांचा मुलगा ९ ऑगस्ट २०१४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कॅनंडेग्वा येथे अपघातानंतर संतापून गाडीबाहेर आला, ट्रॅकवर चालत गेला आणि त्याच शर्यतीतल्या टोनी स्टुअर्टच्या गाडीने त्याला धडक दिली. गाडीबाहेर पडू नये हा नियम नॅसकारने त्यानंतर आठवड्याच्या आत काढला. तुझा राग मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून हे मी अधिक आग्रहाने लिहीत आहे. या गाड्यांचे इंधन असलेल्या मेथेनॉलची आग दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, तेव्हा ज्वाळा दिसण्याची वाट न पाहता आच जाणवताच बाहेर पडायचे, हा एवढाच अपवाद.

डोक्याला मार लागल्यावर त्याच रात्री दुसऱ्या गाडीत बसण्याची या खेळात जुनी सवय आहे, ती तू अजिबात लावून घेऊ नकोस. मेंदू सावरलेला नसताना बसलेला दुसरा, अगदी हलका धक्कासुद्धा जिवावर बेतू शकतो. डोके गरगरणे, प्रकाश सहन न होणे, शब्द न सुचणे यांपैकी काहीही जाणवले, तर संघमालक काय म्हणतो ते न ऐकता डॉक्टरांकडे जा. डेल अर्नहार्ट यांचा मुलगा याच कारणासाठी २०१६ चा अर्धा हंगाम शर्यतीपासून दूर राहिला आणि त्यामुळे त्याचा मान कुठे कमी झाला नाही.

मी पाठवत असलेले पैसे इंजिनावर खर्च करू नकोस. आधी डोके व खांदे दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी, तुझ्याच मापाची सीट घे. डावीकडेच वळत राहणाऱ्या गाडीत अंग सतत उजवीकडे फेकले जाते, तेव्हा उजव्या बाजूचा आधार विशेष पाहा. हेल्मेट मोटरसायकलचे चालणार नाही, आगीच्या चाचणीत उतरलेले, मोटारशर्यतीच्या हेल्मेटांना मिळणाऱ्या एसए प्रमाणपत्राचेच हवे. पट्ट्यांवरील तारखेला दोन वर्षे झाली की ते वरून कितीही चांगले दिसोत, बदलावे लागतात. जुन्या गाडीबरोबर आलेल्या पट्ट्यांच्या तारखेचा फोटो या रविवारपर्यंत मला पाठव.

तुझी,
आई