‘हा पाय मी घेऊ का?’ असं विचारणाऱ्या दादास

प्रिय दादा,

रविवारी ब्रेकिंगच्या जॅममध्ये, म्हणजे आपल्या नाचाच्या खुल्या मैफलीत, तू उतरलास, पाय आलटून पालटून पुढे टाकायच्या दोन क्रॉस स्टेप साध्याच घातल्यास आणि तिसऱ्या वेळी डावा पाय मुद्दाम रेंगाळू दिलास. मग खाली जायच्या आधी हात लांब करून माझ्याकडे दाखवलंस. अख्खा सायफर, भोवती उभं असलेलं सगळं वर्तुळ, माझ्याकडे वळलं. माझा घसा असा दाटून आला की घरी पोचेपर्यंत मला तुझ्याशी एक शब्द बोलता आला नाही. तो आता लिहिते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण तूही चारचौघांतच हात केलास.

ज्यांनी ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स, फक्त रील्सवर पाहिलंय त्यांच्यासाठी सांगते. ते नाचणारा बी-बॉय असो की बी-गर्ल, वर्तुळात आल्यावर आधी उभ्यानेच नाचतात. त्याला टॉपरॉक म्हणतात. हात टेकून फुटवर्क, डोक्यावरच्या गिरक्या, एका पोझमध्ये थिजून थांबायचं ते फ्रीझ, हे सगळं त्यानंतर. गिरकी सरावाने येते. पण समोर आलेलं माणूस कोण आहे, ते उभं असतानाच कळतं.

सहावीत माझा डावा घोटा मोडला आणि हाड जरा तिरकं जुळलं. रस्त्याने चालताना कुणाच्या लक्षात येत नाही. ठेक्यावर मात्र येतं, डावा पाय केसभर उशिरा पडतो. ज्या क्लासला मी तीन वर्षं फी भरली, तिथे या केसभराचं काय करायचं ते सरांनी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं. ‘टॉपरॉक कोण बघतं? पटकन खाली जा, म्हणजे पाय दिसणार नाही.’ वार्षिक कार्यक्रमात मी शेवटच्या रांगेत. पुढच्या वर्षी तीही नाही, ‘तू कपड्यांचं बघ, तुला चांगलं जमतं.’ दादा, मी खरोखरच विंगेत उभी राहून बारा जणांच्या जॅकेटांच्या चेन लावून दिल्या. मला राग त्या कामाचा नव्हता. तीन वर्षांत एकदाही त्यांनी माझ्या पायाकडे नीट बघितलं नाही, याचा आहे आणि तो अजून गेलेला नाही.

मग तुमच्या सरावाला आले. डोंबिवलीतल्या त्या बंद गाळ्यांसमोरची लादी, कोपऱ्यात स्पीकर, फ्रिजच्या खोक्याचा उलगडलेला पुठ्ठा. मी कडेला भिंतीकडे तोंड करून स्टेप करत होते. तू येऊन शेजारी उभा राहिलास. बराच वेळ नुसता पायांकडे बघत होतास. आता सुधारणा सांगणार, म्हणून मी अंग चोरलं. आणि तू म्हणालास, ‘हा पाय मी घेऊ का?’

मला आधी कळलंच नाही. तू पुन्हा म्हणालास, ‘हा जो मागे राहतो ना, तो. तुझा आहे म्हणून विचारतो.’

आपल्याकडे दुसऱ्याची मूव्ह न विचारता उचलली की त्याला बाईट म्हणतात, आणि त्याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही. म्हणजे चोरण्यासारखं काही माझ्याकडे आहे, हे मला त्या प्रश्नातून समजलं. जे मी चौदा वर्षं लपवत होते ते तू मागत होतास, तेही परवानगी घेऊन. मग तू दहा-बारा वेळा करून बघितलंस. तुझा पाय दर वेळी वेळेवरच पडत होता. शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणालास, ‘स्नेअरचा, ड्रममधला तो कडक ठोका वाजून गेल्यावर जी जागा उरते तिथे तुझा पाय पडतो. मला ती जागा ऐकूच येत नव्हती गं आजवर.’

त्या दिवशी वडापाव खाताना तू न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सचं सांगितलंस, जिथे हा नाच सुरू झाला. ११ ऑगस्ट १९७३ ची ती पार्टी, आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून लावत नुसत्या ड्रमचा तुकडा, म्हणजे ब्रेक, लांबवणारा डीजे कूल हर्क. त्या ब्रेकवर उतरणाऱ्या पोरांना कुठल्या क्लासने स्टेप दिल्या नव्हत्या. कुणी गायक जेम्स ब्राऊनचे नाचणारे पाय बघून आलेला, कुणी ब्रुकलिनचा रॉकिंग हा नाच घेऊन आलेला, आणि पोर्तोरिकन पोरांच्या पायांत घरचा साल्सा होता. ज्याच्या घरात जे होतं ते पावलांत उतरलं. पुढे २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हेच नृत्य गेलं, तेव्हा पाच निकषांत वेगळेपण हा एक निकष होता आणि त्याला तंत्राइतकंच वजन होतं. हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या शेजारच्या काकूंच्या खिडकीत आमच्या कढीपत्त्याची फांदी गेली आहे. हात काढला की पानं. तरी त्या दर वेळी दार वाजवून विचारतात, ‘दोन डहाळ्या घेऊ का गं?’ आई म्हणते, अशा माणसांच्या शेजारी घर असावं. ऑफिसात माझं काम स्वतःच्या नावावर सांगणारे मी बघितलेत, मोठ्या माणसांनी लहानांचं सहज उचललेलं बघितलंय. तू माझ्यापेक्षा पंधरा वर्षं आधीपासून नाचतोस. न विचारता घेतलं असतंस तर मला कळलंही नसतं. तरी तू विचारलंस. आणि रविवारी इतक्या लोकांत ते कुणाचं आहे तेही सांगितलंस.

एक मात्र सांगायचंय. तुझा डावा पाय अजून किंचित लवकर पडतोय. रविवारी ये, दाखवते. पुठ्ठा मी आणते, जुना पार फाटलाय.

तुझी,
भिंतीकडे तोंड करून नाचणारी