आईच्या हातात भिंग देणाऱ्या काकांना

काका, तुम्ही म्हणालात नाव टाकू नकोस, म्हणून नाही टाकत. पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. काल संध्याकाळी आई मागच्या अंगणातून आत आली आणि म्हणाली, "ढोबळीच्या पानाखाली किड्याच्या अंड्यांचा अजून एक पुंजका काळा पडलाय गं!" तिचा तो आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. ओट्याशी उभ्या उभ्या रडू आलं.

बाबा गेल्यावर आईला मी न्यू जर्सीला आणलं. वाळवा तालुक्यात चाळीस वर्षं शेती केलेली बाई, इथे तिला गाडी येत नाही, इंग्लिश येत नाही, तिचं सगळं जग म्हणजे मागचे चार वाफे. घेवडा, टोमॅटो, ढोबळी मिरची, भेंडी. आणि मागच्या वर्षी त्या चारही वाफ्यांची स्टिंक बगने वाट लावली. तपकिरी, ढालीसारखा किडा, चिरडला की कोथिंबिरीसारखा उग्र वास. टोमॅटो वरून लालबुंद आणि सालीखाली पांढरे भुसभुशीत डाग, घेवड्याची शेंग सोलावी तर आत दाणा सुकून चपटा. सप्टेंबरपर्यंत आईने बाहेर जाणंच सोडलं. मग थंडी पडायला लागली तसे तेच किडे पडद्यांच्या चुण्यांत येऊन बसले. "रान खाल्लं, आता घरात पण आले," एवढंच बोलली आणि गप्प.

त्याआधी काय कमी लोकांना विचारलं का? एका पेस्ट कंट्रोलवाल्याने तीनशे डॉलर घेऊन घराभोवती आणि वाफ्यांच्या कडेने फवारा मारला. किडे उताणे पडले, आम्हाला वाटलं सुटलो, दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यातले बरेच उठून चालायला लागलेले. फोन केला तर म्हणे परत एकदा मारावं लागेल, पैसे वेगळे. बागेच्या दुकानातल्या माणसाने बाटली काढून दिली, कुठल्या झाडाला हवीय हेही विचारलं नाही. आणि आपलीच माणसं, "कशाला एवढं मनाला लावून घेता, भाजी काय दुकानात मिळते की!" हे सगळं आईसमोर आणि एकजणही आईशी बोलला नाही, सगळे माझ्याशीच बोलायचे. जिच्या हाताखाली पीक वाढतं तिला कोणी काही विचारतच नव्हतं.

तुम्हाला तर मी धड सांगितलंही नव्हतं. मंडळाच्या पॉटलकमध्ये ताटं उचलता उचलता दोन वाक्यं बोलले असेन. तुम्ही काउंटीत मास्टर गार्डनर म्हणून, म्हणजे लोकांना बागेबद्दल सल्ला द्यायला, व्हॉलंटियर करता हेसुद्धा मला माहीत नव्हतं. रविवारी सकाळी दारात उभे.

आणि मला जे सांगायचंय ते हे आहे. घेवड्याचं पान उलटं केल्यावर तुम्हाला अंड्यांचा पुंजका दिसला, तुम्ही गळ्यातलं भिंग काढलंत आणि मी हात पुढे केला होता, तरी ते आईच्या हातात दिलंत. खाली मातीत बसलात, पँटची पर्वा न करता, आणि विचारलंत, "ताई, तुमच्याकडं ऊस होता का?"

काका, या देशात तिला तिच्या शेतीबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

मग ती बोलतच सुटली. लागण, खोडवा, खोडकीड, कारखान्याकडून ट्रायकोकार्ड मिळायची, म्हणजे खोडकिडीची अंडी मारणाऱ्या बारीक माश्या ज्यातून निघतात ती कार्डं, ती पानाच्या खालच्या अंगाला कशी स्टेपल करायची. तुम्ही मध्ये एकदाही तोडलं नाहीत. शेवटी म्हणालात, "मग आता बघा, तेच आहे." आईने डोळ्याला भिंग लावलं. फिकट हिरवी, पिंपासारखी अंडी, एकमेकांना चिकटून ओळीत, मोजून २८, आणि त्यांच्यावर तिळापेक्षा बारीक एक काळी गांधीलमाशी या अंड्यावरून त्या अंड्यावर फिरतेय, थांबतेय, परत फिरतेय. आई मोठ्याने म्हणाली, "अगं, हे आपलं ट्रायकोकार्डच की!"

तुम्ही सांगितलंत की ही बहुतेक सामुराई गांधीलमाशी, नक्की सांगायला मायक्रोस्कोप लागतो. ती माणसाला डंख मारत नाही. स्टिंक बगच्या एकेका अंड्यात आपलं एकेक अंडं घालते, आतली अळी ते आतूनच खाते, अंडं काळं पडतं, आणि मादी घालून झाल्यावरही पुंजक्याची राखण करत बसते. स्टिंक बग मूळचा चीन-जपानकडचा, इथे पहिल्यांदा सापडला तो शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ॲलनटाउनला, १९९० च्या दशकात, आणि २०१० साली या भागातल्या सफरचंदवाल्यांचं ३ कोटी ७० लाख डॉलरचं नुकसान करून गेला. या माशीला शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं बंद लॅबमध्ये ठेवलं होतं, इथल्या दुसऱ्या किड्यांना त्रास देते का हे बघायला, आणि २०१४ मध्ये ती मेरीलँडमध्ये बेल्ट्सव्हिलला बाहेर मोकळ्यावर सापडली, लॅबमधली नव्हे, आपली आपणच आलेली. आई लगेच म्हणाली, "न बोलावता आली म्हणायची, तुमच्यासारखी." तुम्ही किती हसलात!

मग आईच्या टोपलीतली लाल लोकर मागितलीत, त्या पानाच्या देठाला बांधलीत आणि हात जोडून म्हणालात, "ताई, एवढं पान तोडू नका आणि फवारा अजिबात नको, माश्या पण मरतील." दोनच आठवड्यांनी परत आलात. भिंगातून आईने तीनदा मोजलं. किड्याचं पिल्लू बाहेर पडलं की झाकण गोल आणि स्वच्छ उघडतं, माशी पडली की भोकाची कड कुरतडलेली असते, हे तिला तुम्ही एकदाच सांगितलं होतं. २८ पैकी २५ भोकं कुरतडलेली निघाली.

किडे संपलेले नाहीत, तुम्ही खोटी आशा दाखवलीही नव्हतीत. काही टोमॅटोंवर अजूनही डाग आहेत. पण आई सकाळी सहाला बाहेर असते. पैसे विचारले तर तुम्ही रागावलात, भिंग परत द्यायला गेलो तर घेतलं नाहीत. माणूस असा साधा, सरळ असू शकतो हे मी विसरत चालले होते काका, खरंच. दुसऱ्याच्या आईशेजारी मातीत बसायला पदवी लागत नाही, पण कितीजण बसतात?

कालच्या पुंजक्याला आईने लाल लोकर स्वतःच बांधलीय, कागदाच्या चिटोऱ्यावर तारीख लिहून. पुढच्या रविवारी घेवड्याची भाजी आणि भाकरी आहे. तुम्ही आल्याशिवाय ते पान मला उलटं करायचं नाही असं बजावलंय तिने.