पश्चिम टेक्सासमधील माजी सैनिकांची तेल-रँचची दप्तरे वाचवण्यासाठी आवाहन

मिडलंड-ओडेसा परिसरातील मराठी कुटुंबांना, तसेच ह्यूस्टन-डॅलसकडे तेलक्षेत्रात काम करणाऱ्या सर्वांना नमस्कार.

ज्या पर्मियन खोऱ्यावर, म्हणजे पश्चिम टेक्सासच्या तेलपट्ट्यावर, आपल्यातल्या अनेकांचे पोट चालते, ते उभे करण्यात दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांचा मोठा हात होता. थोरल्या जॉर्ज बुश यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये चिचिजिमाजवळ त्यांचे विमान पाडले गेले, १९४८ मध्ये ते ओडेसात तेलसाहित्याच्या धंद्यात आले आणि १९५३ मध्ये त्यांनी भागीदारांसह झपाटा पेट्रोलियम काढली. त्यांची कागदपत्रे कॉलेज स्टेशनच्या अध्यक्षीय ग्रंथालयात नीट ठेवलेली आहेत. त्याच वाटेने आलेले आणि विहिरीला तेल लागल्यावर कुरण व गुरे घेतलेले इतर जण मात्र गॅरेजमधल्या ट्रंकेतच राहिले. घर विकायला निघाले की डिस्चार्जचा (लष्करी सेवामुक्तीचा) कागद नातवाकडे जातो, विहिरीचे लॉग (खोलीनुसार खडकांची नोंद दाखवणारे लांब कागदी आलेख) कचऱ्यात आणि गुरांची वही जुन्या बाजारात.

हे कागद एकत्र राहिले तरच बोलतात. १९५० ते १९५७ या वर्षांत टेक्सासात भीषण दुष्काळ होता. गुरांच्या वहीत विक्री दिसते, पण रँच तरीही का टिकली याचे उत्तर त्याच महिन्यांच्या रॉयल्टी चेकच्या (तेलातल्या वाट्यापोटी येणाऱ्या चेकच्या) अर्धुकात असते. उलटही घडते. स्प्रेबेरी या इथल्या तेलाच्या खडकथरातल्या विहिरी सुरुवातीला जोरात वाहत आणि लवकर बसत, कारण खडकातून तेल सहज सरकत नाही. अशा वेळी बँकेचा हप्ता गुरांनी भरलेला असतो.

लष्करी कागदांबाबत विशेष घाई करा. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राला लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० दरम्यान सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या. त्यामुळे घरातली प्रत हीच अनेकदा शेवटची. ती नसेल तर काउंटी क्लार्ककडे चौकशी करा. परतलेल्या अनेक सैनिकांनी डिस्चार्ज तिथे नोंदवून ठेवला होता. गुरांवर मालकीखूण म्हणून दिलेल्या डागाची नोंदही तिथेच सापडते. नोंदीत डाग शरीरावर कुठे द्यायचा तेही लिहिलेले असते, म्हणून फक्त आकृती उतरवून घेऊ नका.

आता सर्वांत अडलेले काम. विद्युत लॉग (विहिरीत विजेच्या उपकरणाने मोजून काढलेला लॉग) वाचणारी माणसे आम्हाला हवीत, आणि ती आपल्या समाजात आहेत. शंभर फुटांना पाच इंच या प्रमाणात ८,००० फुटी विहिरीचा लॉग सुमारे ३३ फूट लांब होतो. तो घरगुती स्कॅनरवर तुकड्यातुकड्यांनी घेतला तर जोडताना खोली चुकते. त्यासाठी रोल ओढणारा स्कॅनर भाड्याने घ्यायचा आहे. लॉगच्या शीर्षभागात खोलीचे मोजमाप ‘केली बुशिंग’पासून (जमिनीपेक्षा उंच असलेल्या, ड्रिलिंग रिगवरच्या भागापासून) आहे की जमिनीपासून, हे आधी पाहायचे. ते सुटले तर सगळे थर काही फूट वरखाली होतात. जुन्या डायझो प्रती (रसायन लावलेल्या कागदावर काढलेल्या नकला) उजेडात फिक्या पडतात, म्हणून त्या उन्हात पसरू नका.

ट्रंक उघडताना एवढे पाळा. क्रम बदलू नका, लॅमिनेशन करू नका, जुनी चिकटपट्टी ओढू नका. निगेटिव्हला आंबूस वास येत असेल तर ती वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, कारण तो वास फिल्म कुजल्याचा असतो आणि शेजारच्या निगेटिव्हही बिघडतात. जमिनीवर उंदरांच्या लेंड्या असतील तर झाडू मारू नका. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असे मिश्रण शिंपडून पाच मिनिटे थांबा, मग हातमोजे घालून पुसा. कागदांवर मात्र ते कधीच नको. युद्धाची आठवण म्हणून आणलेला हातबाँब किंवा तोफगोळा दिसला तर हात न लावता बाहेर या आणि शेरीफला कळवा.

हयात सैनिकांच्या मुलाखतीही घ्यायच्या आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्टला किमान ३० मिनिटांची, न कापलेली ध्वनी वा चित्रफीत लागते. कोरिया आणि व्हिएतनामहून परतून तेलात उतरलेल्यांनाही विचारा. १९८६ ची भावघसरण त्यांनी धंद्यात राहून सोसली आहे.

आम्हाला हवे आहे ते असे : आम्लरहित खोकी ४० आणि फोल्डर ५००, चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क (एक प्रत वेगळ्या गावी राहील), शनिवारी पिकअप देऊ शकणारे दोघे, आणि लॉग तपासायला महिन्यातून चार तास देणारे किमान सहा अभियंते किंवा भूवैज्ञानिक. रोख देणगी कितीही चालेल. चेक मंडळाच्या नावे द्यावा, मागे ‘दप्तर निधी’ लिहावे, पावती मिळेल. मूळ कागद कुटुंबाच्या मालकीचेच राहतील. सैनिक क्रमांक आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक झाकल्याशिवाय कोणतीही प्रत बाहेर जाणार नाही.

वस्तू आणि नावे मासिक सभेत दप्तर समितीकडे द्यावीत. शेजारच्या कुणाचे घर रिकामे होत असल्याचे कळले तर मात्र सभेची वाट न पाहता त्याच दिवशी सांगा.

— दप्तर जतन समिती